सासूबाईंच्या सीनवर लोक काय म्हणाले

सिनेमा कसा वाटला, एवढं विचारायलासुद्धा कंपालाच्या रस्त्यावरच्या लुकाया गावात पंधरा वर्षांच्या मुलीला आधी गुडघे टेकावे लागतात. मोठ्या माणसाशी उभ्या उभ्या बोलायचं म्हणजे काय! त्यामुळे शनिवारी दुपारी खेळ सुटला तेव्हा नाब्बोसा किबांडाच्या दाराशी लाल मातीत एकतीस वेळा टेकली, एकतीस वेळा उठली, आणि शेवटी तिचे गुडघे असे दिसत होते की कुणीतरी त्यांना विटेचा रंग दिलाय. पण तिला त्याचं काय! तिच्या भूगोलाच्या वहीत, मागच्या पानापासून सुरू करून, एकतीस मतं जमली होती. आणि एकही वाईट नव्हतं. एकही नाही!

किबांडा म्हणजे व्हीजे कासुकूचा व्हिडिओ हॉल. फळ्यांच्या भिंती, वर पत्रा, उजेड येऊ नये म्हणून आतून काळं प्लास्टिक, आणि बाकं अशी की मधला उठला की कडेचा पडतो. त्या दिवशी तिथं लागला होता ‘सासूबाई, मागे वळू नका’. हा सिनेमा कुणी ऐकलेला असण्याचं कारणच नाही. मोबाइल दुरुस्त करणाऱ्या बालेनं तो चार दिवसांत काढला होता, माईक केरसुणीला बांधून. भाड्यानं आणलेली शेळी दुसऱ्या दिवशी व्याली, त्यामुळे सिनेमात ती एका सीनमध्ये जाड आणि पुढच्याच सीनमध्ये बारीक दिसते. इंटरनेटवर टाकला तेव्हा दोनशे अकरा वेळा बघितला गेला, त्यातल्या निम्म्याहून जास्त वेळा बालेनंच. खाली दोन मतं होती. एक, ‘आवाज येत नाही’. दुसरं, ‘शेळी छान’.

पण त्यातली सासू म्हणजे नाब्बोसाची आई होती. प्रॉस्कोव्हिया. सिनेमा काढून झाल्यावर महिन्याभरात ती सौदीला घरकामाला गेली, त्याला आता दोन वर्षं होत आली होती.

शुक्रवारी आईचा फोन आला होता, नेहमीसारखा, दबक्या आवाजात, कपड्यांच्या खोलीतून. 

“सोमवारी सकाळी मॅडम कागद पुढे ठेवणार आहे,” आई म्हणाली. “आणखी दोन वर्षांचा.”

“मग? करणार सही?”

“बाले म्हणतो, सासू लोकांना आवडली तर डिसेंबरात दुसरा भाग काढतो. सासूशिवाय काढत नाही म्हणतो. उद्या-परवा कासुकूकडे लागतोय ना? तू जा. लोक काय म्हणतात ते ऐक आणि मला सांग. मी परत येऊन बसच्या खिडकीशी भाजलेली गोंजा केळी विकेन, मला त्याची लाज नाही. पण लोकांना मी हवी असले तरच येण्यात काहीतरी अर्थ आहे.”

“लोकांना,” नाब्बोसा म्हणाली.

“हो, लोकांना. आणि गोड करून सांगायचं नाही. तुझ्या खोट्याचा मला फोनमधून पण वास येतो.”

रविवारी संध्याकाळी सहाला, मॅडमच्या घरची मंडळी त्यांच्या आजीकडे गेली की, आई पुन्हा फोन करणार होती. तोवर मतं गोळा करायची होती. नाब्बोसानं वहीवर रेघा मारून कप्पे पाडले: नाव, वय, मत. वर्गात कालपर्यंत फळ्यापुढं उभं राहायला सांगितलं की जिच्या तोंडातून शब्द फुटत नव्हता, ती ह्या टर्मला वादविवादात पहिली आली होती आणि तेव्हापासून तिला वाटत होतं की जगात असं कुणी नाही ज्याला ती प्रश्न विचारू शकत नाही.

आणि काय खेळ झाला शनिवारचा! गोष्ट साधीच आहे. एक बोडावाला आपल्या भाड्याच्या मोटारसायकलवर हेल्मेट घातलेली एक बाई घेतो आणि अर्ध्या रस्त्यात त्याला कळतं की मागे बसलीय ती आपली सासू. आता जावयानं सासूच्या समोर यायचं नाही, तिला स्पर्श करायचा नाही, हे तर इथल्या शेंबड्या पोराला माहीत. हा चालत्या गाडीवरून उडीच टाकतो! गाडी जाते तशीच पपायरसच्या दलदलीत, आणि सासू कमरेपर्यंत चिखलात. जावई दहा पावलांवर पाठ करून उभा. हात द्यायची सोय नाही, थेट बोलायची सोय नाही. मग दोघं बोलतात कसे? मध्ये चरत असलेल्या शेळीशी. सासू शेळीला सांगते, जावई शेळीला उत्तर देतो.

त्या सीनला कासुकू माईक घेऊन उभाच राहिला. परदेशी सिनेमा असला की व्हीजे तो आपल्या भाषेत सांगतो, त्याचं ते कामच. पण लुकायाला आता अशी सवय लागलीय की सिनेमा आपल्याच भाषेतला असला तरी व्हीजेशिवाय कुणाच्या घशाखाली उतरत नाही. कासुकू म्हणजे पोपट, आणि नाव कुणी उगाच ठेवलं नव्हतं.

“शेळीबाई!” कासुकू सासूच्या आवाजात किंचाळला. “तुझ्या मालकाला सांग, मागणी घालायला आलास तेव्हा तुझा कोट भाड्याचा होता, हे मी त्याच दिवशी ओळखलं होतं! आता काढ तो कोट आणि टाक इकडं! त्याला धरून येते मी वर!”

किबांडा फुटला. एक बाक खरंच पडलं. भुईमुगाच्या शेंगा उडाल्या, कुणीतरी पत्र्यावर थापा मारल्या, नाब्बोसा इतकी हसली की तिला उचकी लागली. पडद्यावर आई चिखलात हात हलवत होती आणि शंभरेक माणसं तिच्यासाठी ओरडत होती.

बाहेर प्रत्येकाचं तेच. “ती सासू! अगं, काय बाई आहे!” “भाड्याचा कोट! मेलो आम्ही!” एक ट्रकवाला म्हणाला, “असली सासू असेल तर मी दुसरं लग्न करतो.” त्याच्याबरोबरचा म्हणाला, “आधी पहिलीला कोट दाखव.” नाब्बोसानं सगळं लिहून घेतलं.

घरी आत्या जोव्हिया दारात बसून उद्याच्या गोंजाच्या केळ्यांची सालं काढत होती. आईच्या पाठीमागे ह्या आत्यानंच तिला सांभाळलं होतं, शिव्या देत आणि ताटात जास्तीचं वाढत.

“आत्या, ऐक! एकतीसच्या एकतीस! आता बघ, आई अशी चिखलात,” असं म्हणून नाब्बोसानं बादलीत पाय घातला, हात हवेत फेकले, “आणि म्हणते, ‘शेळीबाई, तुझ्या मालकाला सांग, मागणी घालायला आलास तेव्हा...’”

आणि ती थांबली.

“मग? पुढं बोल की. बादलीतून पाय काढ आणि बोल.”

“आत्या, आई असं म्हणाली नव्हती.”

“कुणास ठाऊक काय म्हणाली.”

“मी होते तिथं. शेळीचं दावं माझ्याच हातात होतं. कोट वगैरे काही नव्हतं.” तिनं डोळे मिटून आठवायचा खूप प्रयत्न केला. वारा आठवला. शेळीनं पोटरीला मारलेली लाथ आठवली. ‘कट’ म्हणून ओरडताना बालेचा फाटलेला आवाज आठवला. आईचे शब्द मात्र काही केल्या आठवेनात. ती लांब होती आणि वाऱ्यानं ते भलतीकडेच नेले होते. “ते कोटाचं सगळं कासुकूचं आहे. लोक कासुकूला हसले.”

आत्यानं सुरी खाली ठेवली. “मला एक सांग. वहीत एकतीस माणसं म्हणतात सासू चांगली. हे खोटं आहे का?”

“नाही.”

“तू त्यांच्याकडून जबरदस्तीनं वदवलंस?”

“नाही.”

“मग वाच तिला जसं आहे तसं. ती विमानात बसेल. आल्यावर कुठला कोट आणि कुणाचा कोट, ते घालत बसा हुज्जत. समोरासमोर घालाल निदान.”

नाब्बोसाला वाटलं, आत्या किती बरोबर बोलते! आणि रात्रभर तिला ते बरोबरच वाटत राहिलं, फक्त झोप आली नाही. शेजारच्या रिकाम्या गादीवर तिनं शाळेचा गणवेश घडी करून ठेवला होता. रोज तिथंच ठेवायची, जागा अगदीच मोकळी दिसू नये म्हणून.

रविवारी चर्चहून ती थेट किबांडात गेली. कासुकू, ज्याचं खरं नाव लुबोवा, वायरींना चिकटपट्टी लावत होता. तिनं गुडघे टेकले.

“काय गं, शेळीवाल्या सासूची लेक! ऊठ, ऊठ. कालच्याइतकी गर्दी आज झाली तर बालेला मी खांद्यावर घेऊन नाचीन.”

“कासुकूकाका, सिनेमात माझी आई त्या सीनला काय म्हणते?”

“म्हणजे?”

“तुम्ही बोलता ते नाही. ती स्वतः.”

कासुकूनं चिकटपट्टी दातानं तोडली. “खरं सांगू? मला माहीत नाही. मी आवाज आधीपासूनच बारीक करून ठेवतो. दोघं एकदम बोलले तर कुणाचंच कळत नाही. म्हणून एकानं गप्प बसायचं.”

“आज तुम्ही बसा.”

“काय?”

“तेवढ्या सीनला. दोन मिनिटं. माईक बंद आणि आवाज मोठा. काका, मला आईला सांगायचंय लोकांना ती आवडली का. ती. कोट नाही.”

“पोरी, व्हीजे गप्प बसला तर लोक बाकं फेकतात. मसाक्याच्या एका व्हीजेला खोकला झाला होता, तर त्याला खोकल्यासकट बाहेर काढला.” पण नाब्बोसा उठली नाही. तिच्यात आता एक असा हट्टीपणा आला होता की तिचं तिलाच नवल वाटे. कासुकूनं दाराकडे बघितलं, पत्र्याकडे बघितलं, शेवटी तिच्या गुडघ्यांकडे. “दोन मिनिटं. एक सेकंद जास्त नाही. आणि बाक फेकलं तर पुढं तू उभी राहायचंस.”

चारच्या खेळाला कालच्याहून गर्दी. कोटाची बातमी पसरली होती, काहीजण तर आत शिरतानाच “भाड्याचा कोट!” ओरडत होते. मोटारसायकल दलदलीत गेली. पाणी उडालं. सासू कमरेइतकी रुतली. लोक पुढं सरकले, तोंडं आधीच हसायला उघडी. कासुकूनं माईकचं बटण खाली केलं आणि दुसरी खुंटी फिरवली.

सूंऽऽ. वारा. पपायरसची सळसळ. केरसुणीच्या काड्या माईकवर घासल्याचा खरखराट.

“व्हीजे! झोपलास का रे?”

“कासुकू, मेलास काय?”

“पैसे परत दे!”

आणि मग त्या सगळ्या गोंगाटाच्या खालून आईचा आवाज आला. बारीक, थोडा घोगरा, जसा फोनवर कधीच येत नाही. दबका नव्हता तो.

“शेळीबाई, तुझ्या मालकाला सांग. हात देऊ नको म्हणावं, मला कळतं, देता येत नाही. बघूही नको. पण जाऊ नको. पाठ करून उभा राहा हवं तर. पण उभा राहा. पाठ दिसली तरी मला कळेल की कुणीतरी आहे.”

शेळी म्हणाली, में. बोडावाल्याची पाठ थोडी हलली. बालेनं लिहून दिलेलं तो विसरला असावा, कारण त्यानं काहीच उत्तर दिलं नाही.

कुणी हसलं नाही.

पुढच्या बाकावरच्या एकानं शेंग फोडली, तिचा आवाजसुद्धा मोठा वाटला. मागे कुणीतरी खाकरलं. दोघं उठून बाहेर गेले. नाब्बोसाला हसायचं होतं, आईसाठी, एकटीनं का होईना, मोठ्यानं; तोंड उघडलंही, पण त्यातून काहीच निघालं नाही. मग कासुकूनं माईक चालू केला आणि म्हणाला, “हॅलो, हॅलो, सासू चिखलात आणि व्हीजे मुतारीत!” आणि किबांडा सुटकेनं एवढा हसला, एवढा हसला, की पडद्यावर काय चाललंय ते कुणी बघतच नव्हतं.

त्या दिवशी एकोणीस मतं मिळाली. तिनं मुद्दाम त्याच सीनचं विचारलं. ‘मध्येच माईक बिघडला.’ ‘तिथं जरा लांबलं.’ ‘विनोदी सिनेमात असलं कशाला घालतात?’ ‘काल होती तीच बाई का ही? काल भारी होती.’ एक कापडवाली बाई गाठोड्याची गाठ सोडून पुन्हा बांधत बसली, मग म्हणाली, “मला नाही सांगता येणार,” आणि डोक्यावर गाठोडं घेऊन चालू लागली. नाब्बोसानं तेही लिहिलं: सांगता येणार नाही.

सहा वाजता ती रस्त्याच्या कडेला उभी होती. बसथांब्यावर गोंजाच्या शेगड्यांचा धूर होता आणि निळा डगला घातलेली आत्या काडीला टोचलेली केळी उलटी करत होती. फोन वाजला. नाब्बोसा शेगड्यांपासून लांब, जिथं दलदल सुरू होते तिथं गेली.

“हं, सांग,” आई म्हणाली. “श्वास कशाला घेतेस एवढा? वाईट आहे ना?”

आणि नाब्बोसानं सांगितलं. एकतीस मतं, पडलेलं बाक, कासुकू, सगळं. कोटाचं वाक्य तिनं कासुकूच्याच आवाजात म्हणून दाखवलं.

 पलीकडून एक विचित्र आवाज आला, जणू कुणी तोंडात कपडा कोंबतंय. आई हसत होती! कपड्यांच्या त्या खोलीत, मॅडमच्या इस्त्री केलेल्या चादरीत तोंड खुपसून, हसतच होती. 

“भाड्याचा कोट! अगं आई गं! हे मला का नाही सुचलं? मी काय म्हणाले होते, काहीतरी रडकं...”

“पाठ करून उभा राहा म्हणालीस.”

“हो. बालेनं लिहिलेलं मी विसरले होते. चिखल गार होता. तोंडात आलं ते बोलले.” हसू हळूहळू विझलं. “मग ते तू ऐकवलंस लोकांना?”

“आज. दोन मिनिटं.”

“आणि?”

वास येतो, आई म्हणाली होती. पण नाब्बोसाला आता त्याची भीती नव्हतीच. तिच्या लक्षात आलं की ह्या बाईला फोनवर कुणीच कधी खरं सांगत नाही. मॅडम ठीक, जेवण ठीक, तब्येत ठीक, इकडं ठीक, तिकडं ठीक. 

“कुणी हसलं नाही, आई.”

“एकसुद्धा?”

“एकसुद्धा. दोघं उठून गेले. त्यातला एक परत आला, पण तो लघवीला गेला असेल.”

“असेल,” आई म्हणाली. “बरं केलंस सांगितलंस. बालेला म्हणावं, कासुकूलाच लुगडं नेसव.” मग, अगदी रोजच्या आवाजात, “मी उद्या सही करते मग.”

दलदलीवरून एक पांढरा बगळा उठला आणि पलीकडे जाऊन बसला. नाब्बोसाला कालपासून जे म्हणायचं होतं ते आता बाहेर पडलं, आणि वादविवादात पहिली येणाऱ्या मुलीच्या आवाजात मुळीच नाही.

“पन्नास जणांना विचारायला लावलंस. माझं मत नाही विचारलंस.”

तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

“मी पण बघितलाय सिनेमा. दोनदा बघितला. मी लोक नाही का?”

“तुझं मत विचारलं असतं,” आई म्हणाली, आणि तिचा आवाज पुन्हा दबका झाला, “तर मी कालच्या विमानात बसले असते. म्हणून नाही विचारलं, बाळ. तिथं येऊन तुला काय देऊ? दारं वाजतायत. आले वाटतं. आत्याला नीट जेवायला सांग. ठेवते.”

फोनचा पडदा थोडा वेळ उजळ राहिला आणि मग काळा झाला.

ती परत आली तेव्हा आत्यानं मान वर केली, पण विचारणार तेवढ्यात कंपालाची बस शिट्ट्या मारत येऊन थांबली आणि सगळा थांबा एकदम धावला. आत्या काड्यांचा जुडगा घेऊन बसच्या त्या बाजूला गेली. उरलेला जुडगा नाब्बोसानं उचलला आणि ती ह्या बाजूनं खिडक्यांशी पळाली, “गोंजा! गरम गोंजा!” ओरडत, दोन्ही हात उंच करून. खिडक्यांतून हात आले. कुणी दोन घेतल्या, कुणी दाबून बघून परत दिल्या.

“काय म्हणाली?” बसच्या पलीकडून आत्या ओरडली. “येतेय का?”

आत बसलेल्यांनी ह्या खिडकीतून त्या खिडकीकडे बघितलं.

“दोन वर्षांनी!” नाब्बोसा ओरडली.

इतक्या मोठ्यानं तिनं ते म्हटलं की ड्रायव्हरनंसुद्धा आरशात बघितलं.  बसच्या चाकांमधून तिला आत्याचे पाय दिसत होते, धुळीनं माखलेल्या चपला, तिथल्या तिथं थांबलेल्या. मग बस हलली.